नवाचा सहा

दर गुरुवारी मध्यरात्रीच्या जरा आधी फोन येतो.
आकडा मी पावतीच्या पाठीवर लिहून घेते
आणि लांब दांडी बाहेर काढते,
टोकाला रबरी वाटी असलेली.
खांब वीस फूट. समुद्रावरून वारा.
केप ब्रेटनमध्ये मार्चला कुणी वसंत म्हणत नाही.

आकड्यांची पेटी शेडमध्ये असते.
एक भरपूर, शून्य भरपूर,
नऊ मात्र सदा अपुरे.
मालक म्हणतो, इंग्रजी सहा उलटा लाव, मोराग,
धावत्या गाडीतून कोण बघतंय!

बघतात. तेवढंच तर बघतात.
लिटरला एकशे एकोणसत्तर सेंट झाले त्या शुक्रवारी
शेवंडांच्या पिंजऱ्यांनी लादलेला ट्रक बंदही न करता
अल्फॉन्सने विचारलं, लाज वाटते का?
जशी काही तेलाची विहीर माझ्याच परसात.
मी म्हटलं, बाबा रे, मी आकडे फक्त टांगते.
तो म्हणाला, फाशी देणाराही हेच म्हणतो.

आत, फ्रिजच्या फळीवर
लोण्याचा नवा भाव मीच चिकटवला होता,
बोटाएवढ्या चिठ्ठीवर.
कुणी ट्रक थांबवला नाही.
बिस्किटांचा पुडा तोच, रंग तोच,
आत दोन बिस्किटं कमी, हवा जास्त,
आणि हवेचे पैसे काउंटरवर मीच मोजून घेते.

दाताच्या डॉक्टरने सांगितलेला आकडा
एफी मॅकायझॅकने कुणालाच सांगितला नाही.
ती डाव्या बाजूने चावायला शिकली.
पाळणाघराचं पत्र आलं तेव्हा
रोझेलाने नोकरी सोडली,
आणि गाव म्हणालं, बरं केलंस हो,
पोरं लहान आहेत.
विम्याचा हप्ता तर मांजरपावलांनी येतो,
बँकेतलं दूध पिऊन जातो.

यांना खांब नाही.
यांच्यावर रात्री दिवा लागत नाही.

मागच्या गुरुवारी भाव तीन सेंटांनी उतरला.
काम सोपं होतं:
उलटा केलेला सहा सुलटा केला,
नवाचा पुन्हा सहा झाला.
सकाळी हॉर्नवर हॉर्न.
अल्फॉन्सने मला कॉफी पाजली, वर डोनट,
जसा काही भाव मीच दांडीने ओढून खाली आणला.
साठ लिटर भरलं त्याने.
वाचले एक डॉलर ऐंशी सेंट.
कॉफीच दोनची होती.

माझ्या कोटाच्या खिशात घरमालकाचं पाकीट:
एक मेपासून भाडं एकशे चाळीसने जास्त,
आपल्या सहकार्याबद्दल आभार.
पावतीच्या पाठीवर मी भागाकार केला.
आठवड्याला एक टाकी धरली तर
अठ्ठ्याहत्तर टाक्या, म्हणजे दीड वर्ष,
एका महिन्याची वाढ भरून काढायला.
अल्फॉन्सला नाही सांगितलं.
तोंडाला साखर लागली होती त्याच्या.

तेल आलं खाली, लोणी राहिलं वर,
आणि माझ्या हातात ही दांडी.

काल पुन्हा गुरुवार.
फोनवर म्हणाले, या आठवड्यात बदल नाही.
तरी मी बाहेर गेले. का, ते विचारू नका.
पेटीतून एक घेतला, चार घेतला, शून्य घेतलं,
आणि भाडं खांबावर चढवलं.
दिवा लागलेला. बर्फ तिरकं पडत होतं.
छान दिसत होतं, खरं सांगते.

बर्फ ढकलायची गाडी घेऊन लॉकलन चालला होता.
थांबला. मागे आला. काच खाली केली.
एकशे चाळीस? खरंच?
मिशीवरचं बर्फसुद्धा हसलं त्याच्या.

खरं आहे, मी म्हटलं.
पण पेट्रोल नाही ते.

त्याला कळलं नाही.
तो वाट बघत होता, नळी हातात घेऊन,
इंजिन चालू ठेवून.
मी दांडी वर केली,
आणि शून्य आधी काढलं.